बाहेरून लावलेलं कुलूप

पहाडात भूकंप झाल्याची बातमी रेडिओवर आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीत आरडाओरडा सुरू झाला. दरड कोसळून गंगा वर कुठंतरी अडली होती म्हणे. आता तो बांध फुटला होता आणि पाण्याची भिंत बनारसकडे निघाली होती. "घाट खाली करो! पानी आ रहा है!"

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. पहाडातलं पाणी इथवर यायला कितीतरी दिवस लागतात, वाटेत ते मैदानात पसरून जातं, हे मीच फळ्यावर नकाशा काढून सांगायची. पण राजा घाटाच्या पायऱ्यांवरून बायका ओल्या साड्यांनिशी धावत वर आल्या आणि मला काही सुचेना.

घरात आम्ही तिघं होतो. आई, मी आणि तळमजल्यावरच्या खोलीत राहणारे भाडेकरू काका. दशाश्वमेध घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं करण्यात त्यांचा जन्म गेला होता. मग दृष्टी गेली, आणि ते घरातच बसून पाठ म्हणू लागले.

आईचे गुडघे दुखायचे. तिला धरून मी दारापर्यंत आणलं. आपल्या खोलीतून काकांनी विचारलं, "काय झालं गं? कसली ओरड आहे?"

मी आईला बाहेर काढलं. बाहेरचं दार ओढलं, कडी घातली, कुलूप लावलं. रोज शाळेत जाताना मी कुलूप लावत नसे. आई आणि काका घरात असायचे, म्हणून नुसतं दार ओढून घ्यायची.

रिक्षात दोघींपुरती जागा होती. घाटापासून लांब, सिगऱ्याला माझ्या शाळेच्या व्हरांड्यात आम्ही दुपारपर्यंत बसलो. आजूबाजूला लोक आपापली माणसं मोजत होते. आई गुडघे चोळत होती.

तीनच्या सुमारास कळलं, सगळी अफवा होती. नदी जिथल्या तिथं होती.

मी कुलूप काढून आत गेले. काका जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले होते, धोतर धुळीनं माखलेलं, कोपर सोललेलं. त्यांच्यामागे तळमजल्यावरचे आमचे देव, पिठाचा डबा आणि माझ्या शाळेतल्या मुलींच्या तपासायच्या वह्यांचे गठ्ठे होते. चाचपडत चाचपडत त्यांनी सगळं वर आणलं होतं.

"पाणी येणार असं लोक ओरडत होते," ते म्हणाले. "वह्या भिजल्या असत्या पोरींच्या."

"काका, कुलूप चुकून लागलं."

"हो गं. घाईत होतं असं."

त्यानंतर चार वर्षं ते आमच्याकडे राहिले. कधी विषय काढला नाही, वागण्यात फरक केला नाही. माझी पावलं वाजली की मात्र पाठ म्हणता म्हणता क्षणभर थांबायचे. मी समोरून गेले की पुन्हा सुरू. ती क्षणभराची शांतता मला त्यांच्या कुठल्याही बोलण्यापेक्षा जड वाटायची.

ते गेल्यावर तेराव्याचा स्वयंपाक आम्ही दोघींनीच केला. भाजी चिरता चिरता आई मान वर न करता म्हणाली, "त्या दिवशी त्यांनी आतून विचारलं, ते मलाही ऐकू आलं होतं."

मी चुलीवरचं भांडं उतरवलं. खोली आम्ही परत भाड्यानं दिली नाही. आजही त्या दारावरून जाताना माझी पावलं आपोआप हळू पडतात.