खळीच्या वासाचं घोंगडं

नव्या घोंगड्याला चिंचोक्याच्या खळीचा वास येतो आणि मला माझा विशीतला चुलतभाऊ आठवतो. तो हवाई दलात बॉम्ब टाकणारं विमान चालवायचा, पण सुट्टीत गावी ताडकळसला आला की पायजमा खोचून मेंढरांमागं जायचा. वर लय थंडी असते, असं एकदा तो सहज बोलून गेला. काकूला वाटायचं, विमान बैलगाडीसारखं उघडं असतं. तिनं घरच्या मेंढरांची लोकर कातून घोंगडं विणून घेतलं, स्वतः खळ लावून अंगणात वाळवलं. आम्ही पोरी खूप हसलो. तो हसला नाही. "असंच पायजे होतं, माय," म्हणत त्यानं ते खांद्यावर टाकलं. एकाहत्तरच्या लढाईत त्याचं विमान परत आलं नाही. पुढं त्याची ट्रंक घरी आली. काकूनं एकेक कपडा बाहेर काढला, तळापर्यंत हात फिरवला. मग शांतपणे म्हणाली, "घोंगडं न्हाई ह्यात. संगं नेलंय त्यानं. थंडी वाजली नसंल." आता मी तेव्हाच्या तिच्याहून म्हातारी झालेय, पण हिवाळा आला की मीही तेच मनात धरून बसते.