दोन सेकंदांचे साडू

दोन माणसं बोलताना मधेच गप्प होतात, तेवढ्या गप्प जागेत संसार थाटून राहणारा माणूस अख्ख्या जगात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघाला. चेन्नईच्या एका विद्यापीठात ते माणसं एकमेकांशी कशी बोलतात हे शिकवतात आणि त्यावरच संशोधन करतात. याचा पगार मिळतो असं बायकोने लग्नानंतर सांगितलं, तेव्हा मला वाटलं सासरची मंडळी नव्या जावयाची थट्टा करतायत. मी इचलकरंजीहून एका पिशवीनिशी इथे आलो, गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्याच्या लेथवर उभा राहिलो, आज स्वतःच्या कारखान्याची शेड आहे. सगळं बोलूनच मिळवलं, आणि बोलायला कुणी शिकवलं नव्हतं. माझा मंत्र एकच: आपला भाव सांगायचा आणि गप्प बसायचं. जो आधी बोलला तो हरला. हे मोठ्या ऐटीत साडूंना सांगितलं, तर त्यांनी खिशातून शर्यतीत वापरतात तसलं बटणाचं घड्याळ काढलं आणि लहान मुलासारखं विचारलं, "वा! साधारण किती सेकंद गप्प?"

हे घड्याळ त्यांच्या खिशात कायम असतं. बारशाला, बाराव्याला, बँकेत, देवळात, सगळीकडे. आपण "जेवलात का?" विचारलं की ते आधी आपल्या प्रश्नाकडे कौतुकाने बघतात, मग उत्तर देतात, तोवर वरण गार झालेलं असतं. एकदा माझ्या बायकोची ताई त्यांच्यावर मनापासून भडकली होती. भांडण ऐन रंगात असताना हे गृहस्थ खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "अगं, आत्ता तू माझं वाक्य तोडलंस ना, ते काय सुंदर जागी तोडलंस! परत एकदा तोड बघू." ताईने आत जाऊन नारळ फोडला. लागत नव्हता तरी फोडला.

आणि पेरुंगुडीला जायची रिक्षा! रिक्षावाल्याला मी भाड्यात बऱ्यापैकी खाली आणलं होतं. आता नुसती पाठ फिरवून चार पावलं चालायचं, की तो मागून हाक मारणार, हा माझा हातखंडा. मी चाललो. मागे साडू रिक्षात डोकं घालून तमिळमध्ये म्हणाले, "म्हणजे तुम्हांला असं वाटतंय, की या साहेबांनी तुमचं ऐकूनच घेतलं नाही?" तो बिचारा दहा वर्षं हाच प्रश्न कुणीतरी विचारेल म्हणून थांबला असावा. त्याने सासूच्या गुडघ्यापासून सुरुवात केली. साडू ऐकता ऐकता आत बसले, आणि दोघं इतके रंगले की मला रस्त्यावर ठेवून निघून गेले. हाक आलीच नाही. मी चार पावलांच्या जागी चाळीस चाललो होतो.

हे सगळं मी माफ केलं. पण एक गोष्ट नाही.

कामाच्या जागी लोक कसे बोलतात यावर त्यांना काम करायचं होतं, म्हणून आठवडाभर माझ्या शेडमध्ये त्यांनी ध्वनिमुद्रणाचं एक लहानसं यंत्र ठेवलं. त्याआधी चार पानी संमतिपत्र. ऑर्डरच्या कागदातला स्वल्पविरामसुद्धा मी फुकट सोडत नाही, पण साडूंचा कागद म्हणून डोळे मिटून सही ठोकली. माझ्या फोरमनने, सेल्वम यांनी, चारही पानं वाचली, तीन प्रश्न विचारले आणि मग सही केली. सेल्वम माझ्याहून वडील. मला लेथवर उभं राहायला त्यांनीच शिकवलं. पुढे मी शेड टाकली, तेव्हा ते माझ्याकडे आले आणि ज्याला शिकवलं त्यालाच 'मुदलाळी', म्हणजे मालक, म्हणू लागले.

त्याच आठवड्यात शाफ्टचा एक अख्खा लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला. माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर मी सेल्वमना म्हणालो, "तुमच्या हाताला गंज चढलाय आता." ते म्हणाले, "मग मी जातो, मुदलाळी." आणि गेले. तीन आठवडे आलेच नाहीत. आणि एक दिवस बायकोकडून कळलं, की ते भांडण साडू वर्गात वाजवणार आहेत!

मी तडक विद्यापीठात गेलो. भांडायलाच गेलो होतो, पण वर्ग सुरू झाला होता, म्हणून मागच्या बाकावर बसलो. नावं कापली होती. आम्ही नुसते 'मालक' आणि 'कारागीर'. माझा आवाज घुमला तशी पोरं खिदळली. मग "मी जातो" आलं, आणि पुढे काहीच नाही. नुसता पंख्याचा आवाज. साडूंनी टेप थांबवली. "दोन सेकंद," ते म्हणाले.

एक मुलगी म्हणाली, "सर, मालक घाबरलाय."

"ते मला माहीत नाही. टेपवर फक्त दोन सेकंद आहेत. एवढ्या वेळात काय काय बोलता आलं असतं, ते लिहा."

पोरांनी भराभर लिहिलं आणि वाचलं. थांबा. बसा. पाणी घ्या. जाऊ नका. चहा पिऊन जा. मीच चुकलो. वीस-बावीस वाक्यं, सगळी दोन सेकंदांत मावणारी. मी न भांडताच उठलो.

जिन्यातूनच सेल्वमना फोन लावला. "सेल्वम," म्हणालो आणि थांबलो. पलीकडेही शांतता. घासाघिशीत केस पांढरे झालेत माझे. आधी बोलला तो हरला हे मला कुणी सांगायला नको. तरी मी आधी बोललो. "चुकलं माझं."

"तीन नंबरच्या लेथचा पट्टा बदललात का, मुदलाळी?"

"नाही."

"हात लावू नका. उद्या येतो."

साडूंवरचा माझा राग मात्र कायम आहे. हसली ना पोरं मला! येत्या उन्हाळ्यात ते निवृत्त होऊन पुण्याला चालले आहेत, तेव्हा राग धरायला माणूसही हाताशी राहणार नाही. परवा रविवारी जेवायला आले होते. चपला घालताना सहज म्हणाले, "सेल्वम कसे आहेत?"

मला आभाराचं काहीतरी बोलायचं होतं. तसलं आजवर मी कुणाशीच बोललेलो नाही, त्यामुळे कुठून सुरू करतात हेही माहीत नव्हतं. मी नुसता दाराची कडी धरून उभा राहिलो. साडूंचा हात सवयीने खिशात गेला. तिथे थोडा घुटमळला. मग रिकामाच बाहेर आला आणि माझ्या खांद्यावर येऊन थांबला.