आधी उशाशी

आमच्या धुळ्याच्या हॉस्पिटलात बाळंतपणं शिकवणाऱ्या मॅडम टेबलाच्या पायथ्याशी कधीच आधी जात नाहीत. उशाशी जातात, तळवे चोळून गरम करतात आणि विचारतात, "कोठली शे माय तू?" उत्तर येईपर्यंत हातमोज्यांना हात लावत नाहीत. गाव तर केसपेपरवर असतंच. मग विचारतात कशाला, हे मला कळत नसे.

परवा नरडाण्याची पहिलटकरीण मला तपासू देईना. गुडघे घट्ट मिटून रडत होती.

"मॅडम, पेशंट सहकार्य करत नाही," मी म्हणाले.

मॅडमनी मला शेजारच्या रिकाम्या खोलीत नेलं. तिथल्या टेबलाकडे बोट दाखवलं. "झोप. पाय वर घे."

मी अंगातल्या कपड्यांनिशी आडवी झाले. मॅडम पायथ्याशी जाऊन उभ्या राहिल्या. एक शब्द नाही. मला नुसतं छत दिसत होतं. माझे गुडघे आपोआप मिटले.

"हं. ऊठ आता."

मी परत गेले. पायथा ओलांडून तिच्या उशाशी उभी राहिले, तळवे चोळले आणि माहीत असलेलं गाव विचारलं. तिनं रडणं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

मॅडमना त्या टेबलावर कुणी झोपवलं होतं, हे विचारायचं मला अजून धाडस होत नाही.