क्योतोतलं सुतक

सुचित्रा कुवेतला, जाब्रियात, आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. सत्तावीस वर्षं एकाच दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. हात इतका हलका, की कुवेती बायका पोरांना घेऊन तिचीच पाळी कधी आहे ते विचारून येतात. मूळची नाशिकची, एम.एस्सी. झालेली, कमी बोलणारी. नवरा जयप्रकाश पेट्रोकेमिकलमध्ये इंजिनियर, येत्या जूनमध्ये निवृत्त होईल. घरात नव्वदीला टेकलेली सासू. मुलगा नचिकेत आणि त्याची आठ वर्षांची मुलगी देवयानी इथेच, मंगाफला राहतात. आणि एक मुलगी, नीरजा, जिचं नाव त्या घरात सहा वर्षं कुणी आपणहून घेतलं नव्हतं.

नीरजाला मी अकरावीत केमिस्ट्री शिकवली आहे, त्यामुळे तिचा गुन्हाही मला ठाऊक आहे. पुण्यात इंजिनियर झाली, दोन वर्षं नोकरी केली, मग जपानी शिकली आणि क्योतोला म्हाताऱ्यांच्या निवासात कामाला लागली. त्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, रात्री कूस बदलून द्यायची. जयप्रकाशनं फोनवर सांगितलं, लोकांचं धुवायला मी तुला इंजिनियर केलं नाही, पुन्हा फोन करू नकोस. तिनं केला नाही. हट्टाच्या बाबतीत ती बापाचीच.

सुचित्रा मात्र दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून जेवणाच्या सुट्टीत तिच्याशी बोलत राहिली. जूनमध्ये आपण कायमचे नाशिकला गेलो, की हे बापलेक एकमेकांना कधीच दिसणार नाहीत, हे तिला दिसत होतं. मग तिनं आयुष्यात पहिल्यांदा कारस्थान केलं. सहा महिने नवऱ्याला जपानचे फोटो दाखवले. बर्फ, गाड्या, आणि क्योतोचं ते डोंगरावरचं इनारीचं देऊळ, जिथे हजारो शेंदरी कमानींखालून चढत जायचं असतं. शेवटी जयप्रकाशच म्हणाला, निवृत्तीआधी एकदा सगळे मिळून जपानला जाऊ. ही आपलीच कल्पना आहे अशी त्याची समजूत होती.

नीरजानं एकच अट घातली. ती हॉटेलवर येणार नाही. देवळाच्या पहिल्या कमानीपाशी दहा ते एक उभी राहील. बाबांना बोलायचं असेल तर बोलतील, नसेल तर बाजूनं निघून जातील. सुचित्राला तेवढं पुरेसं होतं. समोर आली, की तो बाप आहे, विरघळेल, असं ती मला म्हणाली. मला तशी खात्री नव्हती आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

फेब्रुवारीअखेर, नॅशनल डेच्या सुट्टीला जोडून रजा काढून, पाच जणं गेली. सून श्वेता हॉस्पिटलात नोकरीला, तिला रजा मिळाली नाही. सासूबाई चाकांच्या खुर्चीत, दोन स्वेटर आणि वर शाल.

देवळाच्या दिवशी पहाटे सुचित्राच्या फोनवर भावकीच्या ग्रुपमध्ये निरोप आला. जयप्रकाशचा चुलतभाऊ काशिनाथ नाशिकला वारला. जयप्रकाश त्या ग्रुपमध्ये नाही, भांडून बाहेर पडलेला आहे. नचिकेतही नाही. म्हणजे क्योतोत ही गोष्ट फक्त सुचित्राला माहीत होती.

सुतक कळल्यावर लागतं. कळलंच नाही तर लागत नाही. हे तिला माझ्यापेक्षा नीट ठाऊक आहे, भावकीतली सगळी सोयर-सुतकं तीच मोजते. संध्याकाळपर्यंत फोन पिशवीत ठेवला असता तर काही बिघडत नव्हतं. पण पस्तीस वर्षं नाशिकची बरीवाईट बातमी नवऱ्याला तीच सांगत आली आहे. तो बाथरूममधून बाहेर आला, तिनं त्याच्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणाली, "अहो, काशिनाथभाऊजी गेले."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं.

जयप्रकाश पुन्हा आंघोळ करून आला आणि म्हणाला, आज देऊळ नाही. ती म्हणाली, अहो, ते जपानी लोकांचे देव, त्यांना आपलं सुतक कसलं? तो म्हणाला, देऊळ ते देऊळ. एरवी वर्षातून एकदा गणपतीला हात जोडणारा माणूस! नचिकेतनं समजावलं, तिकिटं, हवा, उद्याचं परतीचं विमान. छे. शेवटी सुचित्रानं सांगून टाकलं, की तिथे नीरजा उभी आहे.

तो बराच वेळ बुटाच्या नाड्या सोडत बसला होता. मग म्हणाला, "मग सुतक आलं ते बरंच झालं."

देवयानीनं इंग्रजीत विचारलं, नीरजा कोण? आपल्याला आत्या आहे हेच तिला माहीत नव्हतं.

तेव्हा खुर्चीतून सासूबाई बोलल्या. "जयू, काशिनाथला मी मांडीवर न्हाऊ घातलंय. सुतक मला तुझ्याआधी. मी नातीला बघायला चालले. तू बस इथे."

तो बसला. बाकीचे निघाले. सुचित्रा त्या अर्ध्या तासात एकदाही रडली नाही, असं नचिकेत म्हणतो. फक्त गाडीत प्रत्येक स्टेशनाचं नाव वाचत होती.

नीरजा पहिल्या कमानीच्या अलीकडे उभी होती. अंगात निळं जाड जॅकेट, नाक लाल झालेलं. तिनं आईला पाहिलं, आजीला पाहिलं, भावाला पाहिलं आणि मग त्यांच्या मागे पाहत राहिली. गर्दीत जयप्रकाशच्या उंचीचा कुणी दिसला, की मान वर व्हायची. सुचित्रानं काशिनाथचं सांगितलं. नीरजानं विचारलं, "बाबांना कुणी सांगितलं?"

"मी."

"तुला गप्प बसता आलं नाही, आई?"

सुचित्रानं सासूबाईंची खुर्ची पुढे ढकलली.

नीरजा आजीपुढे गुडघ्यांवर बसली. मोजे काढून पाय चाचपले, गार पडले होते ते दोन्ही हातांत धरून चोळले, खुर्चीची पायटेकणी वर घेतली, शाल गुडघ्यांखाली खोचली. सगळं मिनिटभरात. म्हातारीला फार बरं वाटलं. तिनं नातीच्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, "हात बघ कसा चालतो. उगाच नाही डॉक्टर झालीस. तिकडे मोठं हॉस्पिटल आहे म्हणे तुझं."

हे मी आधीच सांगायला हवं होतं. जयप्रकाशनं सहा वर्षं, कुणी विचारलंच तर, म्हातारीला, भावकीला, इथल्या मंडळाच्या लोकांना हेच सांगितलं होतं, की नीरजा जपानला जाऊन नव्यानं शिकली, डॉक्टर झाली, फार व्यग्र असते. सुचित्रानं कधी खोडून काढलं नाही. मीसुद्धा नाही. दिवाळीच्या फराळाला लोक विचारायचे आणि आम्ही चकली उचलायचो.

नीरजा उठली. आईला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा बोलत नाहीत, ते मी सोसत होते. पण तुम्ही माझ्या जागी दुसरीच कुणी उभी केलीत. तिला भेटायला आलात तुम्ही. मला नाही."

सुचित्रानं तिचा हात धरला. म्हणाली, चल हॉटेलवर, मी सांगते सगळ्यांसमोर, आत्ताच सांगते. नीरजानं हात सोडवून घेतला. रागानं नाही. दवाखान्यात चिकटून बसलेल्या पोराचा हात नर्स सोडवते, तसा. तिची दोनची पाळी होती. आजीला नमस्कार करून ती स्टेशनाकडे गेली. वर कुणी चढलंच नाही. देवयानीनं कमानीचे चार फोटो काढले.

हॉटेलवर जयप्रकाशनं फक्त आईला विचारलं, फार थंडी होती का. परतीच्या विमानात तो झोपला.

एप्रिलमध्ये नीरजानं नोकरी बदलली आणि उत्तरेकडच्या कुठल्याशा गावात गेली. नवा नंबर फक्त नचिकेतला दिला, आईला द्यायचा नाही असं बजावून. सुचित्रानं त्याच्याकडे मागितलाही. तो म्हणाला, शब्द दिलाय, आई. मी म्हटलं, पोराच्या कानाखाली वाजव आणि घे. ती म्हणाली, नको बाई, निदान एकाशी तरी तिला खरं बोलू दे.

जूनची तिकिटं काढून झाली आहेत. सामान अर्धं बांधलंय. शुक्रवारी नचिकेत आला, की ती त्याला गावाचं नाव विचारत नाही. तिकडे आज थंडी किती, एवढंच विचारते. तो फोनमध्ये बघतो आणि आकडा सांगतो.