वार्निश लावलेला बाजार

आमच्या महालक्ष्म्यांपुढच्या बाजारात एका वर्षी सगळ्यांना एकाच दिवशी पांढऱ्या दाढ्या फुटल्या. बायकांनासुद्धा!

हा बाजार म्हणजे वीतभर उंचीच्या तेरा मातीच्या बाहुल्या. वाणी, कासार, भाजीवाली असा सगळा गोतावळा. सासूबाईंनी डोणगावला बसून स्वतः घडवलेला, रंगवलेला. पुढे त्यांचा हात थरथरू लागला आणि त्यांनी माती सोडली. "ह्याच शेवटच्या. जपजो बाई," म्हणत त्यांनी बाहुल्या लेकीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या हवाली केल्या. (जपायला लेकीला सांगितलं होतं, जावयाला नाही, हे मी ध्यानात घ्यायला हवं होतं.)

पण मी पडलो चिखलीच्या शाळेतला निवृत्त चित्रकला शिक्षक! महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी सुनंदा पूजेचं सामान आणायला गेली. उद्या सासूबाई येणार आणि बाहुल्या अशा मळकट? मी ओलं फडकं घेतलं. वाण्याचा चेहरा पुसला, तर त्याची मिशी फडक्यावर आली! तेव्हाच थांबायचं होतं. मी मात्र ठरवलं, रंग पक्का करायला वार्निश हवं.

दारांना लावून उरलेलं लाखेचं पॉलिश घरात होतं. बाहेर पावसाची झड लागलेली. तेराही जणांना हात मारला. घटकाभरात अख्खा बाजार पांढराफटक! जणू सगळे पिठाच्या गिरणीतूनच आले होते. पहिला हात पातळ पडला असेल म्हणून मी दुसरा जाड दिला. आता ते वाळेनाच. खाली टेकवले तर पॉलिश पुसेल म्हणून वातींसाठी आणलेल्या कापसावर सगळ्यांना अलगद पालथं निजवलं.

सुनंदा आली तेव्हा मी भाजीवालीची दाढी ओढत होतो.

"हे काय करून ठेवलं हो? काऊन हात लावला तुम्ही?"

"चमक यावी म्हणून..."

"आई उद्या येऊन राह्यली! तिले काय दाखवू? आता तिच्या हातानं दुसऱ्या होतीन का?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसाच भिजत पलीकडच्या गल्लीत गेलो आणि दारांना पॉलिश करणाऱ्या रफीकभाईंना घेऊन आलो.

त्यांनी वाण्याला निरखून पाहिलं. "मास्तर, झडीत लाख लावतंत काय? ओल धरली तिनं. अन् हे दाढीचं काय हाय?"

"कापूस."

"कापूस! माशाअल्ला!"

त्यांनी फडक्याला नावापुरतं स्पिरिट लावलं आणि एका दिशेनं हलकाच एक हात फिरवला. पांढरेपणा गेला, खालचा रंग जागचा हलला नाही. "घासायचं नाही, नुस्तं गोंजारायचं," ते म्हणाले. चिकट पॉलिश नरम पडलं तशी सुनंदा सुईनं एकेक धागा उचलू लागली.

"मी काही करू?"

"तुम्ही बाटलीचं झाकण धरा," रफीकभाई म्हणाले. संध्याकाळपर्यंत मी ते निष्ठेनं धरलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी एकेक बाहुली डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. बारा पास झाल्या.

"जावईबापू, वाण्याची मिशी कुठी गेली?"

मी मान खाली घालून सगळं कबूल केलं. मग धीर करून म्हणालो, "मी काढून देऊ का?"

"नाही!" मायलेकी एका सुरात ओरडल्या.

सासूबाईंनीच ब्रश मागवला. हात थरथरला आणि मिशी नागमोडी उमटली. वाणी पहिल्यापेक्षा जास्त रुबाबदार दिसायला लागला! त्यांनी त्याला पुन्हा डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. "सुनंदे, येते व मले अजून," त्या म्हणाल्या. सुनंदा रडली, मीही रडलो. मग त्यांनी माती मागवली.

पुढच्या वर्षी डोणगावहून चौदावी बाहुली आली. टकलू, पोट सुटलेला, चष्मेवाला गृहस्थ! एका हातात ब्रश, दुसऱ्यात डबा, हनुवटीला कापूस.

"यालेबी वार्निश नका लावू, जावईबापू," सासूबाईंनी बजावलं.

तेव्हापासून सुनंदा दर वर्षी मला बाजारात मांडते. सगळ्यांत मागे, भिंतीकडे तोंड करून. तिथून ब्रश कुणापर्यंत पोचत नाही!