उघडली ती एकच कॉपी

बॅकअपची पाचवी कॉपीही उघडली नाही, तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली.

मोरिवलीच्या एका औषध कारखान्याचा सर्व्हर मी सांभाळतो. त्या सकाळी त्याची डिस्क गेली. मी निवांत होतो. रोजचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर होता, वर्षभर रोज ‘बॅकअप झाला’ अशी हिरवी खूण येत होती. चहा होईपर्यंत चालू करून देतो, असं देसाई मॅडमना म्हणूनही बसलो.

मॅडम तिथल्या लॅबच्या प्रमुख. एक औषध किती टिकतं, हे त्या तीन वर्षं दर आठवड्याला तपासून याच सर्व्हरवर नोंदवत होत्या. हुकलेली तपासणी मागे जाऊन करता येत नाही. तपासणीच्या मशीनच्या छापील पट्ट्या होत्या, पण तो कागद जुना झाला की अक्षरं उडतात. नोंदी गेल्या, तर तीन वर्षं पाण्यात.

एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात आम्ही अनेक कॉम्प्युटर चालवतो, नुसते सॉफ्टवेअरचे. ती व्हर्च्युअल मशीन. ती चालू असताना बॅकअप घ्यायचा, तर आधी स्नॅपशॉट घ्यायचा, म्हणजे त्या क्षणाचा फोटो. मात्र त्याआधी नोंदी साठवणाऱ्या डेटाबेसला सांगावं लागतं, बाबा, हातातलं लिहून संपव आणि क्षणभर थांब. नाहीतर फोटोत अर्धवट लिहिलेलं पान येतं आणि ती कॉपी पुढे उघडत नाही. ही सेटिंग सारखी एरर देत होती, म्हणून वर्षापूर्वी मीच ती बंद केली. खुणा हिरव्या झाल्या आणि मी खूश!

सहावी, सातवी, आठवी. मशीन सुरू व्हायचं, डेटाबेस फुटलेला निघायचा. मॅडम मागे उभ्या होत्या. मला भयंकर लाज वाटत होती.

मागे मागे जात दुपारी दीड महिन्यापूर्वीची एक कॉपी लावली आणि ती उघडली. नोंदी शाबूत. आनंदाआधी मला धक्काच बसला. हीच कशी? लॉग, म्हणजे सर्व्हरची रोजनिशी पाहिली, तर त्या रात्री ते व्हर्च्युअल मशीन बंद होतं. मला न विचारता बंद केलं कोणी?

मेंटेनन्सचे फोरमन म्हात्रे, तिथल्याच गावातले, दारात उभे होते.

"मीच सांगितलं मॅडमना, शटडाऊन करा म्हणून. खंडेनवमी होती ना साहेब. पूजेच्या दिवशी मशीन चालू ठेवतात का?"

बंद मशीनमध्ये अर्धवट लिहिलेलं काही नसतं. म्हात्रेंनी झेंडू वाहिला आणि वर्षभरातला एकमेव धड बॅकअप पदरात पडला. माझी अक्कल कुठे गेली होती, कोण जाणे.

दीड महिन्याच्या पट्ट्या अजून वाचता येत होत्या. त्यावरून मॅडमनी पुढच्या नोंदी पुन्हा भरल्या. मग त्यांनी विचारलं, "रोज ‘बॅकअप ओके’ असा मेल पाठवायचात. एकदा तरी तो बॅकअप उघडून बघितला होतात?"

नव्हता बघितला.

ती एरर दुरुस्त करायला मला वीस मिनिटं लागली. आता दर महिन्याला एक कॉपी उघडून बघतो. बॅकअप घेतल्याने होत नाही, उघडला तरच होतो. मॅडम त्या वेळी शेजारी खुर्ची टाकून बसतात. माझ्यावर विश्वास नाही का, हे विचारायची माझी हिंमत होत नाही.