आक्काच्या हातावरची तुळस

माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, डाव्या हातावर मनगटाच्या वर तुळस गोंदलेली होती. आईनं मांडीवर घट्ट धरून बसवलं होतं, तेव्हा कुठं गोंदून झाली, असं ती सांगायची. त्या तुळशीच्या खालच्या पानांत एक गाठ आली. दौंडचे डॉक्टर म्हणाले, वरच्या कातडीसकट काढावी लागेल, मांडीची कातडी तिथं लावू आणि गाठ तपासायला पाठवू.

गाठीबद्दल आक्का चकार शब्द बोलली नाही. मला म्हणाली, "तू लोकांच्या दारावरच्या पाट्या करती न्हवं? मग माझी तुळस काढून ठिव."

मी शिरूरला राहते. पाट्यांचं काम साठी उलटल्यावर मोबाइलवर बघून बघून शिकले. आरपार दिसणारी ॲक्रिलिकची शीट घ्यायची, एका बाजूला चित्र काढायचं, मग शीट उलटी करून मागच्या बाजूनं कोरायचं. त्याला पेनासारखं धरायचं छोटं मशीन मिळतं. पुढची बाजू गुळगुळीत राहते आणि रेघ आत पांढरी उमटते. पण या कामाला खोडरबर नाही हं. घसरलं की घसरलं.

आक्कासाठी तर कागदसुद्धा लागला नाही. शीट सरळ तिच्या हातावर ठेवली आणि खाली दिसत होती तशी तुळस वरून गिरवली. पक्का मार्कर नंतर निघणार नाही म्हणून नातीचं स्केचपेन घेतलं. शहाणपण केलं असं वाटलं तेव्हा! घरी आणून कपाटावर ठेवली, ती तीन आठवडे तिथंच. घेऊन बसायला धीरच होईना.

ऑपरेशन उद्यावर आलं तेव्हा सकाळी बसले एकदाची. शीट सरकू नये म्हणून खाली ओला टॉवेल घातला. देठ झालं, वरची पानं झाली, गाठीच्या कडेचं एक पान झालं. पुढची रेघ फिकट दिसायला लागली. म्हटलं चष्मा पुसावा. शीट उचलून बघते तर उरलेली तुळस टॉवेलवर! मशीनच्या थरथरीनं ओल्या कापडावर स्केचपेन पुसून गेलं होतं. उद्या हातावरची कातडी काढणार, आणि तुळस ना तिच्याकडे ना माझ्याकडे.

जुन्या लुगड्याच्या तुकड्यात शीट गुंडाळली आणि दुपारची एसटी धरली. चौफुल्याला गाडी बदलली. शेजारच्या बाईनं विचारलं, "आज्जी, फोटू हाय का कुणाचा?" मी म्हटलं, "न्हाई गं बाई." पण असा गुंडाळलेला फोटो गेलेल्या माणसाचा असतो हे मनात आलं आणि दौंड येईपर्यंत मी ती शीट उराशी धरून बसले.

दवाखान्यात आक्का पलंगावर चहा पीत होती. हातावर डॉक्टरांनी निळ्या पेनानं गोल काढून ठेवला होता. मी शीट काढली तशी नर्स धावली. "मावशी, हाताला काही लावायचं नाही आता."

आक्का म्हणाली, "सिस्टर, तुमच्या पेनाचा गोल चालतो, आन् माझ्या बहिणीची काच न्हाई चालत व्हय?"

नर्सला हसू आलं. "बरं, निदान ती काच पुसून तरी घेते," म्हणत तिनं स्पिरिटचा बोळा उचलला.

"स्पिरिट नको!" मी एवढ्यानं ओरडले की पलीकडच्या पलंगावरची म्हातारी उठून बसली. कोरलेल्या रेघेवर स्पिरिट लागलं की ॲक्रिलिकला बारीक तडे जातात. शेवटी साबणाच्या पाण्यानं धुतली, वाळवली आणि हातावर ठेवली.

कोरलेलं देठ तिच्या देठावर बरोबर बसलं. वरची पानंही बसली. गाठीच्या कडेचं ते एक पान मात्र बसेना. जोंधळ्याच्या दाण्याएवढं बाहेर सरकलं होतं. मी शीट उचलली, परत ठेवली. वरचं सगळं जुळायचं, तेवढं पान सोडून. मग माझ्या ध्यानात आलं. हातातलं स्केचपेन मी बाजूला ठेवलं.

"काय गं, बसंना का?"

"माझंच चुकलं, आक्का. गिरवताना हललं असंल."

"तुझं कवा हललंय आजवर?" तिनं मान वाकवून शीटमधून बघितलं. घरातले सगळे, आणि मीही, 'गाठ हाय तेवढीच हाय' म्हणत आलो होतो. "वाढली म्हण की," ती म्हणाली. "तुझ्या कुंडीतल्या साऱ्या तुळशी वाळल्या, आन् माझी बघ, बिनपाण्याची वाढली."

मला हसता येईना. नर्सचंही हसणं मावळलं होतं. ती डॉक्टरांना घेऊन आली. त्यांनी शीट दोनदा ठेवून बघितली, पट्टीनं अंतर मोजलं आणि पेन काढून गोल मोठा केला. आता देठही गोलात आलं होतं.

"काढ आता लवकर," आक्का म्हणाली. तिचा हात माझ्या हातात गार लागत होता. उरलेली पानं त्या निळ्या गोलात दिसत होती तशी मी गिरवली.

ऑपरेशन झालं. रिपोर्ट अजून आलेला नाही. आक्काचा रोज फोन येतो. रिपोर्टचं ती काढत नाही, मीही विचारत नाही.

"कोरून झाली का गं?" एवढंच विचारते.

तुळस परवाच पुरी झाली. खिडकीशी ठेवलीय, उजेडात लख्ख दिसते.

"न्हाई अजून," मी म्हणते. "एक पान ऱ्हायलंय."